अनुभव धागा : ब्रायन ईनोचं सत्तरचं दशक. तुमचा अल्बम कोणता?

हिरवळ (राजारामपुरी)

मंडळी, या धाग्यात एकाच माणसाच्या एकाच दशकाबद्दल लिहायचं आहे. ब्रायन ईनो हा इंग्लिश संगीतकार १९७३ मध्ये रॉक्सी म्युझिक या बँडमधून बाहेर पडला आणि तिथून दशक संपेपर्यंत त्याने जे केलं, त्यावरून ऐकणाऱ्यांत अजून वाद होतात. १९७४ मध्ये 'हिअर कम द वॉर्म जेट्स', त्याच वर्षी 'टेकिंग टायगर माउंटन'. १९७५ मध्ये 'अनदर ग्रीन वर्ल्ड' आणि 'डिस्क्रीट म्युझिक'. १९७७ मध्ये 'बिफोर अँड आफ्टर सायन्स'. १९७८ सालात 'म्युझिक फॉर फिल्म्स' आणि त्याच सुमाराला 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स', विमानतळांसाठी केलेलं ते प्रसिद्ध काम. मधे रॉबर्ट फ्रिप या गिटारवादकाबरोबरचे दोन, जर्मनीतल्या क्लस्टर या जोडीबरोबरचे दोन. पहिला अल्बम ऐकून लगेच शेवटचा लावला तर ही दोन वेगळी माणसं आहेत असं कुणालाही वाटेल. मला तसं वाटत नाही.

क्रमवारी लावू नका, गुण देऊ नका. तो अल्बम तुमच्या जगण्यात कुठे येऊन बसला ते लिहा. कोल्हापुरात ईनो ऐकणारे थोडे आहेत, पण आहेत. कुणी रंकाळ्यावर फिरताना भेटलं, कुणी नाटकाच्या तालमीत, एकाशी तर गंगावेशीत दूध कट्ट्यावर ओळख निघाली. तुम्ही सगळे एका जागी लिहा एवढीच विनंती.

सुरुवात मी करतो. माझा अल्बम 'अनदर ग्रीन वर्ल्ड'.

मी जनावरांचा डॉक्टर. पावसाळ्यात राधानगरीच्या बाजूला माझं फिरणं जास्त असतं. हळदी, भोगावती, पुढे आत आत वाड्यावस्त्या. रोपलावण चालू असते, डोंगर दिसत नाहीत, ढग रस्त्यावर आलेले असतात. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात लांब काही ऐकून होत नाही. या अल्बममध्ये चौदा तुकडे आहेत, गायन फक्त पाचांत. बाकीचे नऊ शब्दांशिवायचे, आणि त्यांतले बरेचसे फार लहान. शीर्षकाचा तुकडा तर दीड मिनिटाच्या आसपास संपतो. बीबीसीने तो 'अरीना' या कलाविषयक कार्यक्रमासाठी वर्षानुवर्षं वापरला. दीड मिनिटात सुरू होतो, मोठा होत जातो आणि आपल्याला पुरेसा वाटायच्या आत जातो. मी तो किती वेळा परत लावलाय याला हिशेब नाही.

१९७५ च्या उन्हाळ्यात ईनो लंडनच्या आयलंड स्टुडिओत गेला तेव्हा त्याच्याकडे लिहून तयार केलेली गाणी नव्हती. पीटर श्मिट या चित्रकार मित्राबरोबर बनवलेले पत्ते होते, 'ऑब्लिक स्ट्रॅटेजीज' नावाचे. काम अडलं की एक पत्ता काढायचा आणि त्यावरची सूचना पाळायची. पहिले काही दिवस हाती काहीच लागलं नाही. स्टुडिओचं भाडं चालू, वादक बसलेले, आणि हा माणूस रिकाम्या पाटीने सुरुवात करतोय. त्याचं धाडस मला इथे दिसतं.

'सेंट एल्मोज फायर'मधली फ्रिपची गिटार ऐका. ईनोने त्याला सांगितलं होतं की विमशर्स्ट यंत्रातल्या विजेसारखं वाजव. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते यंत्र होतं. हाताने चकत्या फिरवायच्या आणि दोन गोळ्यांमधून ठिणगी उडायची, पण कुठल्या वाटेने उडेल ते सांगता यायचं नाही. फ्रिपची बोटं तशीच उडतात. अल्बममध्ये इतरत्र ढोल त्या काळी जेनेसिस या बँडमध्ये असलेल्या फिल कॉलिन्सचे, बास पर्सी जोन्सचा, व्हायोला जॉन केलचा. एवढे कसलेले लोक, आणि कुणीही पुढे येऊन उभं राहत नाही. ज्यांना गाण्यांचा ईनो आवडतो आणि ज्यांना शांत ईनो आवडतो, त्या दोघांना मी आधी याच अल्बमकडे पाठवतो. दोन्ही दारं इथे उघडी आहेत.

आता तुम्ही लिहा.


उद्यमनगरचा फिटर

डॉक्टरसाहेब, तुमचं बरोबर असंल, पण माझा पहिला तोच शेवटचा. 'वॉर्म जेट्स'.

आमच्या मालकांचा पोरगा इंजिनिअरिंग करून आला आणि शॉपमध्ये बसाय लागला. संध्याकाळी मशिनी बंद झाल्या की तो लॅपटॉपवर गाणी लावायचा. एक दिवस 'बेबीज ऑन फायर' लागलं. दोन कॉर्डवर उभं असलेलं गाणं, आणि मधे फ्रिपची गिटार सुरू झाली ती तीनेक मिनिटं थांबायचं नाव नाही. मी हात पुसत होतो, तसाच उभा राहिलो.

मला इंग्रजी शब्द सगळे कळत न्हाईत. पण आवाज कळतो. लेथवर जल्म गेला, आता व्हीएमसी, म्हंजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन चालवतो. बेअरिंग जाणार असंल तर ते तापायच्या आधी आवाज बदलतो. टूल बोथट झालं की जॉबवर रेघ उमटायच्या आधी कानाला कळतं. एवढी वर्षं आवाजात काढलेल्या माणसाला या अल्बममधी काय केलंय ते दिसतं. गिटार आहे, पण गिटार ऱ्हात न्हाई. तिच्यावर यंत्रं बसवलीत, आवाज कापलाय, घासलाय, पुन्हा दाबलाय. शेवटच्या शीर्षकाच्या गाण्यात तर गिटारीचा नुसता झोत आहे. ढोल लई लांबून हळूहळू जवळ येतात, आणि शब्द त्याच्या खाली गाडलेत. ज्यानं तो आवाज बसवला त्याला मिक्सिंगच्या टेबलावर कुठलं बटण किती फिरवायचं ते नेमकं ठाऊक होतं.

आणि एक. हा माणूस स्वतःला वादक म्हणवून घेत नव्हता. रॉक्सी म्युझिकमधी सिंथेसायझर वाजवायचा, त्यातबी दुसऱ्यांचे आवाज त्यातनं काढून बदलायचा. पहिल्या अल्बमला सोळा जण गोळा केले, ज्यांचं एकमेकांशी जमणार न्हाई असे मुद्दाम निवडले. वाजवाय येत न्हाई म्हणून गप बसला असता तर चाललं असतं. त्यानं सगळ्या स्टुडिओलाच हत्यार केलं. मला त्याचा लई आदर वाटतो.


साऊंडवाला

मी राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांना पार्श्वसंगीत देतो, कॅसेटच्या काळापासून. माझं मत 'टेकिंग टायगर माउंटन'ला.

हे नाव ईनोला पोस्टकार्डांच्या एका संचावरून मिळालं. चीनमधल्या क्रांतीच्या काळातल्या एका ऑपेराची ती चित्रं होती. अल्बममध्ये मात्र चीनची गोष्ट सांगितलेली नाही. हेर आहेत, विमानं आहेत, दूरचे देश आहेत, सगळं पोस्टकार्डावर पाहिल्यासारखं, अर्धवट. नाटकवाल्याला हे लगेच ओळखू येतं. आमचा पडदाही असाच असतो. त्यावर राजवाडा रंगवलेला असतो आणि समोरचा माणूस तो खरा धरायला तयार असतो.

दोन गोष्टींनी मला कामाला लावलं. 'चायना माय चायना'मध्ये टाइपरायटर वाजतो. इफेक्ट म्हणून मागे ठेवलेला नाही, त्याला गाण्यात वाद्याची जागा दिलीय. हे ऐकल्यावर मी रेकॉर्डर घेऊन कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टांकडे गेलो. त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंचा हात इतका लयदार होता की एका नाटकातला चौकशीचा अख्खा प्रवेश मी त्या आवाजावर उभा केला. नटांनी संवादाची गती त्यावरच बांधली.

दुसरी गोष्ट पोर्ट्समथ सिंफोनियाची. वाद्य येत असलेले आणि अजिबात न येणारे असे सगळे जण मिळून वाजवणारा तो वाद्यवृंद. ईनो स्वतः त्यात क्लॅरिनेट घेऊन बसायचा. या अल्बममधल्या एका अंगाईसारख्या गाण्यात त्यांची तंतुवाद्यं आहेत. सूर थोडे इकडे, थोडे तिकडे, आणि प्रत्येक जण मनापासून वाजवतोय. तयारीच्या वादकाकडून ते मुद्दाम करून घेतलं असतं तर खोटं वाटलं असतं. हौशी रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या माणसाला ते ऐकून काय वाटत असेल ते मी वेगळं सांगत नाही.

केशवराव भोसले नाट्यगृहाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये आग लागली, त्यानंतर कितीतरी दिवस मी काही ऐकलंच नाही. पुन्हा ऐकायला घेतलं तेव्हा पहिला हाच अल्बम लावला. शेवटच्या गाण्यात सगळे आवाज मिळून डोंगर चढत जातात. ते जमलं, मग बाकीचंही ऐकू लागलो.


षड्ज

मी गाणं शिकते. जयपूर-अत्रौली गायकी. अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी या गावात आणलं, त्यामुळे इथल्या शिकणाऱ्याच्या कानावर ही गायकी लहानपणापासूनच पडते. देवल क्लब ही इथली संगीतसंस्था तर १८८३ पासून आहे. अशा ठिकाणाहून मी 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'कडे गेले, आणि पहिल्यांदा त्याच्याशी माझं अजिबात जमलं नाही.

अल्बममध्ये चार भाग आहेत. दुसऱ्या भागात, म्हणजे '२/१' असा आकडा आहे त्यात, वाद्यं नाहीत, फक्त आवाज. स्त्रियांनी एकेक स्वर लांब धरून गायलाय. प्रत्येक स्वर टेपच्या वेगळ्या वेटोळ्यावर. ईनोने नंतर एका भाषणात सांगितलंय त्याप्रमाणे एक वेटोळं साडेतेवीस सेकंदांचं, दुसरं सव्वीसच्या किंचित अलीकडे, तिसरं तिसाच्या किंचित अलीकडे. कोनी प्लांक या जर्मन निर्मात्याच्या स्टुडिओत खुर्च्यांच्या पायांभोवतीनं ती लांबलचक टेप फिरत होती. एकदा सुरू करून दिली की कुठला स्वर कुठल्या स्वराजवळ येईल ते कुणी ठरवत नाही.

आता माझी अडचण समजून घ्या. आमच्याकडे सगळा खेळ समेचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचा. जयपूरमध्ये तर लय मात्रेमात्रेला जाणवत राहते, आवर्तन भरत आणायचं आणि समेवर उतरायचं, त्यासाठी वर्षं जातात. इथे आवर्तनं कितीतरी आहेत आणि सम नाही. मी सारखी वाट बघायची. दोन स्वर जवळ यायचे, आता मिळतील असं वाटायचं, आणि ते आपापल्या वाटेने पुढे निघून जायचे. मला त्याचा अक्षरशः त्रास व्हायचा.

बदल झाला तो पहाटेच्या रियाजामुळे. मिरजेहून आणलेला तंबोरा जुळवून मी काही न गाता नुसती बसले होते. चार तारा मी छेडत होते, पण त्यातून जे स्वर वर येत होते ते मी छेडलेले नव्हते. कधी गंधार ऐकू येत होता, कधी नाही. त्याची वाट बघायची नसते, तो आला की ऐकायचा असतो. त्या दिवशी घरी कुणी उठायच्या आत मी '२/१' लावलं आणि समेची वाट न बघता ऐकलं. आठेक मिनिटांचा तो भाग मला पहिल्यांदा पूर्ण ऐकू आला.

आणखी एक सांगायचंय. १९७७ हे या दशकातलं फार मोठं वर्ष, 'बिफोर अँड आफ्टर सायन्स'चं. त्याच वर्षी व्हॉयेजर यानं निघाली आणि त्यांच्या सोन्याच्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी गेली. केसरबाई अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. लंडन-बर्लिनमध्ये लोक नव्या आवाजाच्या शोधात होते त्या वर्षी आपल्या घराण्याचा सूर सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागला. मला या दोन गोष्टी एकत्र आठवतात आणि दोन्हींचा अभिमान वाटतो.


उद्यमनगरचा फिटर

षड्जताई, तुमचं वाचून मला गिअर आठवलं. तेवीस दाताचा गिअर सव्वीस दाताच्या गिअरला लावला, तर जे दोन दात एकदा भेटले तेच पुन्हा भेटायला तेवीसवाल्याला सव्वीस फेरे मारावं लागत्यात. आम्ही मुद्दाम असले आकडे घेतो. तेच दात सारखे भेटले तर तिथंच झिजत्यात. न भेटल्यामुळं गिअर सगळीकडनं सारखा ऱ्हातो आणि जास्त टिकतो. साडेतेवीस न् सव्वीसचा हिशेब वाचल्यावर मी रात्री ते '२/१' ऐकलं. मला आवडलं.


पाणीपातळी (शाहूपुरी)

ऑगस्ट २०१९चा महापूर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या लहान पोरालाही पाठ असतात. त्या वेळी पाणी धोक्याच्या कितीतरी वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. आम्ही खालच्या मजल्यावरून जे उचलता आलं ते उचलून वरती गेलो. वीज नव्हती. फोन पॉवर बँकेवर, आणि त्यात उतरवून ठेवलेले मोजके अल्बम. त्यात 'बिफोर अँड आफ्टर सायन्स' होता.

या अल्बमच्या दोन बाजू अगदी वेगळ्या. पहिलीवर पाच जलद गाणी, दुसरीवर पाच संथ. दुसऱ्या बाजूच्या मधोमध 'बाय धिस रिव्हर' आहे, क्लस्टरच्या रोडेलिउस आणि मोबिउस यांच्याबरोबर केलेलं. मोजके पियानोचे स्वर आणि ईनोचा साधा, कसलाही आव नसलेला आवाज. दोन माणसं नदीकाठी बसलीत आणि आपण इथे कशाला आलो होतो ते त्यांना आठवत नाही, एवढाच आशय.

लोक या गाण्याला शांत म्हणतात. मी ते गच्चीच्या जिन्यात बसून ऐकलं तेव्हा खालून पाण्याचा आवाज येत होता, भिंतीला लागून काहीतरी आपटत होतं, गल्लीतून नाव गेली की लाटा जिन्यापर्यंत यायच्या. त्या गाण्याने मला शांत केलं नाही. त्यात एक हतबलपणा आहे, आणि तो हतबलपणा कुणीतरी मोठं न करता, रडून न दाखवता नीट मांडून ठेवलाय, त्याचा मला आधार वाटला. आईला एक इअरफोन दिला. तिने पूर्ण ऐकलं आणि एवढंच विचारलं, "हा कुठल्या नदीचा?"

पाणी उतरल्यावर चिखल काढायला सुरुवात केली तेव्हा दुसरी बाजू ऐकवेना. तेव्हा पहिली लागली. 'बॅकवॉटर'मध्ये कॅन या जर्मन बँडच्या याकी लीबेत्साइटचा ढोल आहे, त्यावर खराटा बरोबर चालतो. शेजारची पोरं मदतीला आली होती, त्यांनीच आवाज मोठा करायला लावला. घर धुऊन काढायला पहिली बाजू, आणि रात्री अंग टाकल्यावर दुसरी. एका अल्बममध्ये दोन्ही ठेवण्यासाठी ईनोने जवळजवळ दोन वर्षं घेतली, आणि मला ती वर्षं सार्थकी लागलेली दिसतात.


कळंबा रोड

मी बराच वेळ लिहू का नको असं करत होते. माझा अल्बम 'डिस्क्रीट म्युझिक', आणि तो बाबांच्या आजारपणातला.

त्यामागची हकिकत बहुतेकांना ठाऊक असेल. १९७५ च्या जानेवारीत ईनोला टॅक्सीने धडक दिली आणि तो अंथरुणाला खिळला. ज्युडी नायलन ही मैत्रीण त्याला भेटायला आली, येताना अठराव्या शतकातल्या हार्पच्या संगीताची रेकॉर्ड घेऊन. ती रेकॉर्ड लागली तेव्हा आवाज फारच कमी होता, एक स्पीकर बंद, बाहेर पाऊस, आणि याला उठून आवाज वाढवता येईना. पावसाच्या आवाजात मिसळलेलं ते संगीत ऐकताना त्याला वाटलं की असंही ऐकता येतं, खोलीतल्या उजेडासारखं. नायलनने मात्र नंतर सांगितलंय की तो काही अपघात नव्हता, पावसाच्या आवाजाशी जुळेल इतपत आवाज त्यांनी दोघांनी मिळून ठेवला होता. मला तिचं म्हणणं पटतं. आजाऱ्याजवळ बसणाऱ्या माणसालाच कळतं आवाज किती ठेवायचा ते.

बाबा एसटीत चालक होते. निवृत्तीनंतर फुप्फुसाचा त्रास वाढला आणि घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. त्याची घरघर दिवसरात्र. त्यांना भजनं आवडायची, पण शेवटी शेवटी शब्द असलेलं काहीच सोसेना. शब्द आले की ते मनात म्हणायला लागायचे आणि दम लागायचा. टीव्ही नको, रेडिओ नको. आणि सगळं बंद केलं की ते यंत्र तेवढं ऐकू यायचं, आणि ते ऐकून त्यांना भीती वाटायची. ती भीती त्यांनी बोलून दाखवली नाही, मला हातावरून कळायची.

'डिस्क्रीट म्युझिक'ची पहिली बाजू अर्ध्या तासाची आहे, तबकडीच्या एका बाजूवर जेवढं मावेल तेवढी. दोन अगदी साध्या, कमीजास्त लांबीच्या सुरावटी सिंथेसायझरमधून निघतात, दोन टेप रेकॉर्डरच्या साखळीतून फिरतात आणि पुन्हा पुन्हा आपल्यावरच येऊन पडतात. ईनोने ही मांडणी अल्बमच्या पाठीवर आकृती काढून दाखवली आहे. एकदा लावून दिल्यावर त्याने स्वतः त्यात फारसा हात घातला नाही. मुळात हे फ्रिपला मैफलीत वर गिटार वाजवता यावी म्हणून केलेलं.

मी ते यंत्राच्या घरघरीइतकंच ठेवायची, त्याच्यापेक्षा मोठं नाही. मग दोन्ही मिळून एकच काहीतरी व्हायचं. कुकरची शिट्टी, खाली भाजीवाल्याची हाक, जिन्यातली पोरं, हे सगळंही त्यात मावायचं. पहिले काही दिवस बाबा काही बोलले नाहीत. मग एका दुपारी मी ते लावायचं राहिलं होतं तर म्हणाले, "ते मघाचं काय असतंय ते लाव की." त्यांना नाव सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. दुसरी बाजू, पाखेलबेलच्या रचनेचे तुकडे ताणून केलेली, मी एकदा लावून बघितली. नको म्हणाले. त्यात माणसं वाजवताहेत हे त्यांना कळत होतं आणि माणसं वाजवत असली की नीट ऐकायला हवं असं त्यांना वाटायचं. मग पुन्हा पहिली.

बाबा गेल्यावर हा अल्बम मला ऐकवणार नाही असं सगळे म्हणाले. तसं झालं नाही. मी तो ऐकते, काम करताना, त्याच आवाजावर ठेवून. डॉक्टर म्हणतात तसे ईनो दोन नाहीतच. 'वॉर्म जेट्स'ही माझ्याकडे आहे आणि फिटरदादांनी लिहिलेलं अगदी खरं आहे, तिथेही तो यंत्राकडे कान लावूनच बसलेला आहे. आमच्या घरातलं यंत्र वेगळं होतं एवढंच.


हिरवळ (राजारामपुरी)

ताई, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. मी ती पहिली बाजू नेहमी झोपण्यासाठीची म्हणून बाजूला ठेवत आलो होतो. आज तुमच्या आवाजावर लावून ऐकेन.


सागरमाळ, तृतीय वर्ष

मला 'लो' लिहायचाय. नियमात बसत नाही हे ठाऊक आहे, नाव डेव्हिड बोवीचं आहे आणि निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी. पण १९७७ ते १९७९ मधले बोवीचे ते तीन अल्बम, 'लो', 'हीरोज' आणि 'लॉजर', ईनोशिवाय तसे झाले नसते. 'लो'ची दुसरी बाजू ऐका. जवळजवळ शब्द नाहीत, 'वार्शावा'वर ईनोचं नावही आहे. सगळे याला बर्लिनचा अल्बम म्हणतात, प्रत्यक्षात बरंचसं काम फ्रान्समधल्या एका जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत झालं आणि शेवट बर्लिनला. आम्ही हॉस्टेलवर परीक्षेच्या आधी रात्रभर तीच बाजू फिरवतो. ईनोचे स्वतःचे अल्बम मला कधीकधी फार एकटे वाटतात. इथे त्याच्यासमोर एक तगडा गाणारा उभा आहे, त्यामुळे दोघांनाही धार आलीय.


साऊंडवाला

लेका, लिही की. नियम कसला! पण 'लो'च्या आधी 'अनदर ग्रीन वर्ल्ड' एकदा सलग ऐक. 'लो'च्या दुसऱ्या बाजूचं बी तिथे पेरलेलं सापडेल.


फुलेवाडी

मला थोडं विरोधात बोलायचंय. सगळे शांत ईनोबद्दल इतकं प्रेमानं लिहिताहेत, पण त्यात काय हरवलं त्याबद्दल कुणी बोलत नाही. 'वॉर्म जेट्स' आणि 'टायगर माउंटन' गाणारा माणूस गंमतीदार, खट्याळ, थोडा भीतीदायकही होता. त्याचा आवाज उंच, नाकातला, आणि शब्द असे की अर्थ लागतोय म्हणेपर्यंत सटकतात. १९७७ नंतर त्या गाणाऱ्याने दार लावून घेतलं. पुन्हा स्वतः गायलेल्या गाण्यांचा अख्खा अल्बम आला तो १९९० मध्ये, तोही जॉन केलच्या जोडीने. मधली वर्षं मला खुपतात. विमानतळाचं संगीत सुंदर आहे, न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर ते काही काळ प्रत्यक्ष वाजलंही. पण ते संगीत कुणीही ऐकलं नाही तरी चालतं, असंच त्याने ठरवलं होतं, आणि ऐकणाऱ्याने ऐकावंच हा हट्ट गाणाऱ्याने सोडावा हे मला मान्य नाही. गाण्याने माणसाला धरून ठेवलं पाहिजे.


मंगळवार पेठ

फुलेवाडीकर, मी हलगी वाजवतो, मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर उभा राहून वाढलो. धरून ठेवणारा आवाज मी भरपूर ऐकलाय, पोटात दणका बसेपर्यंत. त्यामुळं मला 'एअरपोर्ट्स' हवा वाटतो. आणि धरून ठेवणाराच पाहिजे असेल तर १९७३ चा 'नो पुसीफुटिंग' लावा. फ्रिपची एकच गिटार, ईनोच्या दोन टेप रेकॉर्डरमधून फिरून स्वतःवरच चढत जाते. पहिला तुकडा वीस मिनिटांच्या वर. जॉन पीलच्या रेडिओ कार्यक्रमात ही टेप उलटी लागली होती, आणि २००८ मध्ये अल्बम नव्यानं निघाला तेव्हा त्यात उलटी आवृत्तीही घातली. मी दोन्ही ऐकल्यात. उलटीतही लय सुटत नाही.


कटिंग टेबल

'म्युझिक फॉर फिल्म्स'वर अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून मी.

मी लग्नाचे व्हिडिओ आणि मित्रांच्या शॉर्ट फिल्म्स एडिट करतो. बाबुराव पेंटरांच्या गावात हे काम करताना अंगावर थोडी जबाबदारी असतेच. या अल्बममध्ये अठरा लहान तुकडे आहेत. १९७६ मध्ये ईनोने त्याची आधीची आवृत्ती मोजक्या प्रती काढून सिनेमावाल्यांकडे पाठवली होती, वापरा म्हणून. १९७८ मध्ये ती बदलून सगळ्यांसाठी आली. यातले बरेच तुकडे अस्तित्वातच नसलेल्या सिनेमांसाठी आहेत.

आम्हा एडिटरांची सवय अशी की दृश्य लंगडं पडलं की खाली संगीत भरायचं. व्हायोलिन लावलं की बघणाऱ्याला कळतं, आता रडायचंय. या तुकड्यांखाली कुठलंही दृश्य ठेवून बघा, ते काय वाटून घ्यायचं हे सांगत नाहीत. मी एकदा एका मुलीच्या पाठवणीचं चित्रीकरण आवाज बंद करून यातल्या एका तुकड्यावर लावलं. बापाचा चेहरा तोच होता, पण मला पहिल्यांदाच दिसलं की तो रडत नाहीय, गाडीत सामान नीट बसलंय का ते बघतोय. घरच्यांना दिलेल्या प्रतीत त्यांना हवं ते गाणं ठेवलं, पण तो शॉट मी लांब ठेवला.

कुठे थांबायचं हेही इथेच शिकलो. बहुतेक तुकडे दोन-तीन मिनिटांत आटपतात आणि एकही गुंडाळलेला वाटत नाही. नवीन मुलं माझ्याकडे शिकायला येतात तेव्हा सॉफ्टवेअर उघडायच्या आधी मी त्यांना यातले दोन तुकडे ऐकवतो आणि विचारतो, तुम्ही असतात तर कुठे कापलं असतं? अजून कुणी माझ्या मनातल्या जागी बोट ठेवलेलं नाही, आणि दर वेळी त्यांची जागा ऐकून मीही पुन्हा विचार करतो.